रुबार्बच्या कृतीत अंबाडीची बोंडं घातली आणि क्रंबल बिघडलं: नेमकं काय चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीच्या गच्चीवर चार कुंड्यांत लाल अंबाडी लावली आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं भरभरून आली. सरबत झालं, चटणी झाली, उरलेल्या बोंडांचं इंग्लंडच्या एका कृतीवरून रुबार्ब क्रंबल (रुबार्बच्या आंबट देठांवर पीठ-लोण्याचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) करायचं ठरलं. कृतीत ५०० ग्रॅम रुबार्ब होतं, त्याजागी ५०० ग्रॅम बोंडांच्या पाकळ्या घेतल्या. त्यावर १२० ग्रॅम साखर आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा पसरला आणि ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीत, १८० अंशांवर ३५ मिनिटं ठेवलं. बाहेर काढलं तर कडेला लाल पाणी, मधे चुऱ्याचा फिका गिच्च थर, खाली चिवट पाकळ्या, आणि आंबट इतकं की घास घशाखाली उतरेना. शेवटी विचारलं आहे की त्यापेक्षा मुंबईत रुबार्बच लावता येईल का.

आधी मुळाशी जाऊ, कारण साखर वाढवून किंवा पंधरा मिनिटं जास्त ठेवून हे सुधारणारं नाही. रुबार्ब हा पालेभाजीचा देठ आहे, आणि ती भाजी आपल्या चुक्याच्या कुळातली आहे. चुका कढईत टाकला की दोन मिनिटांत कसा विरघळतो ते आठवा. रुबार्बचा देठ जाड असला तरी स्वभाव तोच. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ऊब लागली की धागे सुटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा मऊ लगदा होतो. म्हणून रुबार्बच्या कृतीत फळ कच्चंच भांड्यात घालतात, त्यावर साखर टाकतात आणि सुटलेलं पाणी धरून ठेवायला कॉर्नफ्लोअर घालतात. ती सगळी मांडणी ‘फळ आपोआप शिजेल, पाणी मात्र सांभाळावं लागेल’ या हिशेबावर उभी असते.

अंबाडी भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातली. आपण जिला बोंडाची पाकळी म्हणतो ती खरं तर फुलाची पाकळी नव्हे. फूल गळून गेल्यावर त्याच्या बुडाचं हिरवं-लाल आवरण फुगून मांसल होतं, ते हे. ती पातळ असते, तिला वरून चकचकीत साल असते आणि तिच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली धरवणारा घटक, भरपूर असतं. आंबटपणा दोन्हींत आहे, रंग दोन्हींचा लाल आहे, म्हणून अदलाबदल करावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. पण शिजताना दोघी उलट वागतात: रुबार्ब कोसळतं, अंबाडी आखडते.

आखडते ती साखरेमुळे. मोरावळा करताना आवळा आधी वाफवून घेतो आणि मग पाकात सोडतो, कच्चा आवळा थेट साखरेत घातला तर सुरकुततो आणि कडक होतो, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. इथेही तेच घडलं. कच्च्या पाकळ्यांवर साखर पडली, साखरेनं पाकळ्यांतलं पाणी बाहेर ओढलं, ते कडेला साठलं, आणि पाणी गेलेल्या पाकळ्या मऊ होण्याऐवजी चामट झाल्या. शिवाय आंबटात बरेच पदार्थ उशिरा मऊ पडतात. डाळ शिजायच्या आधी चिंच किंवा कोकम घालत नाहीत ते याचसाठी. तेव्हा अंबाडीच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी पाण्यात मऊ शिजवायची, साखर त्यानंतर, आणि ओव्हनमधे जाईल ते शिजून गार झालेलं सारण. भट्टीचं काम फक्त वरचा थर भाजण्याचं आणि खालचं पुन्हा खदखदवण्याचं.

कडेच्या पाण्याचं आणखी एक कारण असू शकतं, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बोंड सोलल्यावर पाकळ्यांची जी वाटी उरते, ती धुताना पाणी धरून ठेवते. एका वाटीत अर्धा मिलिलिटर पाणी राहिलं तरी दीडशे बोंडांमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे पाच मोठे चमचे पाणी फुकटचं आत जातं. म्हणून बोंडं सोलायच्या आधी, अख्खी असतानाच धुवायची. मुंबईच्या गच्च्यांवर अंबाडीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) हमखास येतो आणि तो पाकळ्यांच्या खोबणीत बसतो, तेव्हा वाहत्या पाण्याखाली एकेक बोंड फिरवून बघा. मग पंच्यावर पसरून पंख्याखाली तासभर कोरडी करा आणि त्यानंतरच सोला.

सोलताना बुडाला देठाशी जे जाड कडं असतं, ज्यातून बारीक बोटांसारखे तुरे बाहेर आलेले दिसतात, ते सुरीने कापून टाका. चिवटपणाचा मोठा वाटा तिथेच असतो, आणि ते कितीही शिजवलं तरी दाताखाली येतं. बूड कापलं की शहाळ्याचा जाड स्ट्रॉ किंवा स्टीलची नळी खालून दाबायची, आतलं हिरवं बीजकोश अख्खं निघून येतं. ती हिरवी गोळी तुटली तर बिया आणि बुळबुळीतपणा दोन्ही सारणात उतरतात. अख्ख्या बोंडांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाकळ्या मिळतात, म्हणजे ३०० ग्रॅम पाकळ्यांसाठी ६०० ग्रॅमच्या वर बोंडं लागतील असं धरून चाला. बोंड केव्हा तोडलं हेही बघायला हवं. फूल गळून दोन-तीन आठवडे झाले, बोंड टपोरं आहे आणि पाकळी वाकवली की काकडीसारखी कट्‌ आवाज करून मोडते, ही योग्य वेळ. आतलं बीजकोश तपकिरी पडू लागलं असेल तर पाकळीत दोरे आलेले असतात. ती बोंडं सरबताला ठेवा, क्रंबलमधे घालू नका.

आता प्रमाणाकडे येऊ. ५०० ग्रॅम अंबाडीला १२० ग्रॅम साखर पुरणं शक्यच नव्हतं. त्यातही इंग्लंडच्या काही कृती तिथल्या खास कोवळ्या रुबार्बवर बेतलेल्या असतात. यॉर्कशायरमधे वेकफिल्ड आणि लीड्सच्या परिसरात रुबार्बचे कंद थंडी खाऊ दिल्यावर अंधाऱ्या शेडमधे आणतात, तिथे उजेडाविना वाढलेले देठ गुलाबी, नाजूक आणि उघड्यावरच्या देठांपेक्षा कमी आंबट असतात. २०१० साली युरोपीय संघाने या रुबार्बला संरक्षित नावही दिलं. तुमची कृती तशा रुबार्बची आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, पण साखर इतकी कमी असेल तर शक्यता मोठी आहे.

अंबाडीत आंबटपणा भरपूर आणि अंग कमी. शिजली की तिचा आकार बसतो आणि भांड्यात पातळसा थर उरतो. नुसत्या अंबाडीचं क्रंबल केलं तर ते जॅमवर चुरा टाकल्यासारखं लागतं. म्हणून तिला गोडसर, गराच्या फळाची जोड द्यायची. मुंबईत त्याच दिवसांत पेरू उत्तम मिळतो आणि माझी पहिली पसंती पेरूलाच आहे: वास अंबाडीच्या वासाशी जुळतो, तुकडे शिजूनही उभे राहतात आणि गर कापताना घट्ट बसतो. सफरचंदही चालतं. डहाणू-घोलवडचा चिकू गोडीला छान, पण त्याने लाल रंग मळकट होतो. अननस टाळा, परत पाण्याचा प्रश्न उभा राहील.

२० सेंटिमीटर म्हणजे आठ इंची चौकोनी भांड्यासाठी, सहा जणांना पुरेल असं हे प्रमाण आहे. अंबाडीच्या सोललेल्या पाकळ्या ३०० ग्रॅम, पाणी २०० मिलिलिटर, साखर २०० ग्रॅम, आणि पिकलेला पण हाताला घट्ट लागणारा पेरू साल व बिया काढून ४०० ग्रॅम, म्हणजे आणताना ६५०-७०० ग्रॅम आणावा. चवीला चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठ आणि एका संत्र्याची किसलेली साल. संत्र्याचा फक्त नारिंगी भाग किसा, पांढरा आला की कडवटपणा उतरतो. सुंठ आणि संत्रं रुबार्बबरोबरही घालतात, आणि ती जोडी अंबाडीलाही तितकीच शोभते. जायफळ मात्र नको, अंबाडीच्या आंबटपणापुढे ते औषधी लागतं.

पेरूच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी करून पाच-सहा मिनिटं वाफवून घ्या. अंबाडीत घालून शिजवायला गेलात तर चिंचेतल्या डाळीसारखी गत होईल. सफरचंद घेणार असाल तर वाफवू नका, मऊ जातीचं सफरचंद लगेच भुगा होतं. दुसरीकडे स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात पाकळ्या आणि पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. पाकळी चमच्याने पातेल्याच्या कडेला दाबली की तिचा लेप झाला पाहिजे. तशी होत नसेल तर दोन चमचे पाणी घालून आणखी पाच मिनिटं. या टप्प्यावर घाई केली तर पुढे दुरुस्ती नाही, कारण साखर पडल्यावर ती आणखी मऊ होणार नाही. मग साखर, मीठ, सुंठ, संत्र्याची साल आणि पेरू घालून उघड्यावर पाच-सहा मिनिटं उकळा. चमचा पातेल्याच्या तळावरून ओढला की वाट दिसावी आणि ती सावकाश भरून यावी. इथे थांबायचं. गरम असताना सैल वाटतं म्हणून पुढे आटवलं तर अंबाडीचं पेक्टिन गार होताना जेलीसारखं धरतं आणि भट्टीतून निघालेलं क्रंबल वडीसारखं कापावं लागतं.

चव याच वेळी घ्या, पण चमचा फुंकून, कोमट झाल्यावर. गरम असताना गोडी जास्त जाणवते. बोंडांचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, तेव्हा २० ते ४० ग्रॅम साखर इकडेतिकडे होईल आणि ते तुम्हीच ठरवायचं. वरचा चुरा गोड असणार आहे, त्यामुळे सारण किंचित आंबटच बरं. ५० ग्रॅम साखरेऐवजी गूळ घातला तर चव खोल होते, रंग मात्र विटकरी होतो. कॉर्नफ्लोअरची इथे गरज नाही, अंबाडीचं पेक्टिन पुरेसं आहे. तरी तुमच्या पहिल्या प्रयत्नात ते का लागू पडलं नाही हे समजून घेतलेलं बरं. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा पूर्ण यायला मिश्रण ९० अंशांच्या वर, जवळजवळ उकळीला पोचावं लागतं. कडेला बुडबुडे आले म्हणून भांडं बाहेर काढलं आणि मधलं सारण तेवढं तापलंच नव्हतं, तर पीठ कच्चं राहतं आणि पाणी मोकळं. उलट, खूप आंबट मिश्रणात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं तर आम्लाने त्याची पकड तुटून ते पुन्हा पातळ होतं.

आता वरचा थर. तो गिच्च होण्याची कारणं मुंबईच्या हवेत आहेत. क्रंबल म्हणजे भाजलेला भुगा. प्रत्येक कणात पिठाने वेढलेला लोण्याचा घट्ट तुकडा हवा, तो भट्टीत वितळेपर्यंत पीठ भाजायला लागलेलं हवं. आपल्या स्वयंपाकघरात डिसेंबरातही गॅस चालू असताना ३० अंश असतात. तिथे लोणी चोळता चोळताच मऊ पडतं, पीठ ते पिऊन टाकतं आणि चुऱ्याऐवजी कणकेचा गोळा तयार होतो. तो गोळा सारणावर थापला की खालची वाफ बाहेर पडायला जागाच उरत नाही. थर खालून उकडतो, वरून वाळतो. तुम्ही वर्णन केलेला फिका, गिच्च थर म्हणजे नेमकं हेच.

चुऱ्यासाठी मैदा १०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम आणि लोणी ८५ ग्रॅम घ्या. हवं तर ३० ग्रॅम जाडसर कुटलेले काजू. दुकानातलं पिवळं खारं लोणी असेल तर मीठ घालू नका. लोण्याची वडी फ्रीझरमधे अर्धा तास ठेवा आणि जाड किसणीने थेट पिठात किसा. बोटांनी चोळण्यापेक्षा मुंबईत ही पद्धत कितीतरी खात्रीची आहे, कारण हाताची ऊब लागतच नाही. किसलेलं लोणी काट्याने पिठात फिरवा, मग बोटांच्या टोकांनी मिनिटभर उचलून सोडा. काही कण रव्याएवढे, काही हरभऱ्याएवढे, अधूनमधून एखादा शेंगदाण्याएवढा, असा ओबडधोबड भुगा हवा. अगदी एकसारखा झाला तर तो भाजल्यावर वाळूसारखा लागतो. भुगा ताटात पसरून पुन्हा वीस मिनिटं फ्रीझरमधे ठेवा.

साजूक तुपाचा चुरा करायचा असेल तर नानखटाईचं तंत्र लागू होतं आणि आपल्याकडच्या हवेत तो अधिक सोपा जातो. लोण्यात ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तुपात पाणी नसतंच. म्हणून ८५ ग्रॅम लोण्याऐवजी ७० ग्रॅम तूप पुरतं. तूप फ्रिजमधे थिजवून, दाणेदार असताना घ्या, वितळलेलं नको. तुपाचा चुरा जास्त खुसखुशीत आणि विरघळणारा होतो, लोण्याचा जास्त कुरकुरीत. दोन्ही चांगले. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचं असेल तर मी तूप सुचवेन, दमट हवेत तो चुरा जास्त वेळ टिकतो.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं हवं. बेकिंगच्या दुकानांत मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे टिन केकला ठीक, पण अंबाडीइतकं आंबट सारण त्यात तासभर राहिलं की धातूची चव उतरते आणि टिनचा तळ काळवंडतो. लोखंडी कढईत तर रंगच जांभळट-काळा पडतो. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओटीजीत मात्र ठेवू नका, तडा जाईल.

सारण पूर्ण गार झाल्यावरच भांड्यात भरा. गरम सारणावर गार चुरा टाकला तर चुऱ्याचा खालचा अर्धा भाग भट्टीत जायच्या आधीच वितळून बसतो. चुरा हाताने उंचावरून सैल सोडायचा, दाबायचा नाही, आणि कडेला बोटभर जागा थोडी विरळ ठेवायची म्हणजे वाफ तिथून निघते. ओटीजी १९० अंशांवर निदान पंधरा मिनिटं तापवा. वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा, भांडं मधल्याच्या खालच्या खाचेत ठेवा आणि ३० ते ३५ मिनिटं भाजा. घरगुती ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा एक साधा थर्मामीटर घेतला तर फक्त क्रंबल काय, सगळंच बेकिंग सुधारतं. मायक्रोवेव्हमधला कन्व्हेक्शन वापरणार असाल तर खालची जाळी वापरा आणि पाच-दहा मिनिटं जास्त धरा. घड्याळापेक्षा दोन खुणा बघा: चुऱ्याला नानखटाईचा बदामी रंग आला आहे का, आणि भांड्याच्या मध्यभागी, कडेला नव्हे, चुऱ्याच्या फटींतून लाल रस सावकाश, जड बुडबुडे काढतो आहे का. जड बुडबुडे म्हणजे रस दाटला. भराभर फुटणारे हलके बुडबुडे दिसत असतील तर अजून पाणी आहे, आणखी सात-आठ मिनिटं द्या.

ओटीजी लहान असेल आणि वरची कॉइल चुऱ्याच्या फार जवळ येत असेल तर चुरा वेगळा भाजून घ्या. ताटात पसरून १७० अंशांवर बारा मिनिटं, मधे एकदा हलवून. फिका सोनेरी झाला की सारणावर पसरून १८० वर पंधरा मिनिटं. हा उपाय जवळजवळ कधीच फसत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी आधी हाच सांगते.

भट्टीतून काढल्यावर निदान वीस मिनिटं हात लावू नका. रस गार होताना धरतो. दुधाची साय किंवा क्रीम घालणार असाल तर क्रंबल कोमट होऊ द्या. कढत आंबट रसावर साय पडली की फाटते. चक्क्यात थोडी पिठीसाखर आणि वेलची घोटून तो गोळा वर ठेवला तर आंबट-गोड-थंड असं छान जमतं, आणि चक्का मुळातच आंबट असल्याने फाटायची भीती नाही. दुसऱ्या दिवशी चुरा मऊ पडेल, आपल्या हवेत तो पडतोच. १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं ठेवलं की परत कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमधे गरम केलं तर गिच्च होईल.

हीच बोंडं केकच्या मिश्रणात घालायचा विचार असेल तर एक सावधगिरी. अंबाडीचा लाल रंग ज्या रंगद्रव्याने येतो ते आंबटात लाल आणि खाऱ्यात निळसर-करडं दिसतं. सोडा घातलेल्या केकमधे तुकड्यांभोवती शेवाळासारखी करडी वलयं उमटतात. खायला हरकत नसते, पण बघून लोक ताट बाजूला सारतात. केकला सोडा टाळून बेकिंग पावडर वापरा आणि अंबाडी मिश्रणात न ढवळता तळाशी सारणाच्या थरात घाला.

आता रुबार्ब लावण्याबद्दल. ही थंड प्रदेशातली बहुवर्षायू वनस्पती आहे. तिच्या कंदाला दर हिवाळ्यात कित्येक आठवडे पाच अंशांच्या खालची थंडी लागते, तेव्हा कुठे वसंतात जाड देठ फुटतात. मुंबईत जानेवारीतलं सरासरी किमान तापमानच १६-१७ अंश, वर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. थंडी मिळत नाही म्हणून कंद विश्रांती घेत नाही आणि पावसात तो कुजतो. ऑक्टोबरात बी पेरून मार्चपर्यंतचं हंगामी पीक म्हणून प्रयत्न करता येईल, पण देठ पेन्सिलीएवढे, हिरवे निघतील. हौस म्हणून एक कुंडी लावा, त्यावर क्रंबलचा बेत आखू नका. लावलंच तर लक्षात ठेवा की रुबार्बचा फक्त देठ खातात. पानांत ऑक्सॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारी धरली जातात. अंबाडीचं बरोबर उलट, तिच्या पानांची तर आपण भाजी करतो. परदेशी कृतीतला ‘पानं फेकून द्या’ हा सल्ला अंबाडीला लावू नका. आणि काष्ठौषधींच्या दुकानात रेवाचिनी म्हणून जे मिळतं ते रुबार्बच्याच हिमालयी-चिनी भाऊबंदांचं वाळलेलं मूळ असतं, रेचक औषध म्हणून वापरलं जाणारं. ‘रुबार्ब’ म्हणून ते कुणी सुचवलं तर अजिबात पदार्थात घालू नका.

रुबार्बची कृती जवळपास जशीच्या तशी वापरायची असेल तर त्याच्यासारखं वागणारं फळ आपल्याकडे आहे: मार्च-एप्रिलमधली कैरी. ती कच्ची भांड्यात घातली तरी शिजून मऊ होते आणि थोडं पाणीही सोडते. बाठ धरायच्या आतली कैरी घ्या, साल काढून दीड-दोन सेंटिमीटरच्या फोडी ५०० ग्रॅम, साखर १६० ते १८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा, सुंठ आणि चिमूटभर केशर. आधी शिजवायची गरज नाही. वरचा चुरा आणि भाजण्याची रीत मात्र वर सांगितल्याप्रमाणेच.

सध्या झाडावर असलेली बोंडं एकदम संपवायची घाई नको. सोलून, कोरडी करून ३०० ग्रॅमच्या पिशव्या भरून फ्रीझरमधे ठेवा, हवा नीट काढून टाका. गोठल्याने पाकळ्यांच्या पेशी फुटतात, त्यामुळे गोठवलेल्या पाकळ्या ताज्यांपेक्षा लवकर मऊ होतात. त्यांना सात-आठ मिनिटं पुरतात आणि पाणी १५० मिलिलिटरच घाला. पिशवी फ्रीझरमधून थेट पातेल्यात रिकामी करा, बाहेर वितळू दिली तर लाल रस पिशवीतच राहतो. चारपैकी एका झाडावरची सर्वांत टपोरी सहा-सात बोंडं मात्र तोडू नका. ती झाडावरच तपकिरी होऊन तडकू द्या, बी कागदाच्या पाकिटात भरा आणि जूनमधे पहिले दोन-चार पाऊस झाले की पंधरा-अठरा इंची कुंडीत एकच रोप ठेवून पेरा. तुमच्या कुंड्या लहान असतील तर पुढच्या वर्षी बोंडांचा आकार वाढवायला कुंडी बदलणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे.